सागवानावर पांढरा रंग

“थिनरनं पुसलंस का?” बबनरावांनी विचारलं.

“दोनदा पुसलं, बाबा.”

“मग आता चपडा लाव. लाख स्पिरिटमध्ये विरघळवून ठेवलीय. सागवान आहे ते. चपड्यानं अडवलं नाही तर आतला तपकिरी रंग वर येतो, किती पांढरं फासलं तरी.”

गाझियाबादच्या चौथ्या मजल्यावरच्या घरातला बाल्कनीचा दरवाजा पांढरा करायचं खूळ श्रावस्तीचं. खोली अंधारी वाटते म्हणून. काम मात्र बाबांनी हाती घेतलं आणि एकाचे चार रविवार झाले. दिल्लीतल्या मंत्रालयातून निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, तरी कुठलीही गोष्ट टप्प्याटप्प्यानंच पुढे सरकायची.

श्रावस्तीला ऑफिसात पुण्याच्या बदलीला बुधवारपर्यंत होकार कळवायचा होता. ही तिसरी संधी. आधीच्या दोन तिनं घरी न सांगताच नाकारल्या होत्या. आई गेल्यापासून दोघंच होती.

“बाबा, थोडं बोलायचंय.”

“अच्छा, बोल की. पण ब्रश थांबवू नको, जोड दिसतो.”

ती ब्रश ओढत राहिली. बोलणं राहिलं.

“बाहेरच्या बाजूला चपडा टिकायचा नाही. ऊन-पाऊस आहे. तिथं ऑइल प्रायमर. पुढच्या रविवारी आणू.”

“पुढच्या रविवारी, पुढच्या रविवारी! सरळ रंग लावून मोकळं होऊ ना, यार!”

“बापाला यार म्हणते!” ते हसले. “लाव. दरवाजा तुझाच आहे.”

रागाच्या भरात तिनं बाहेरची बाजू थेट पांढरी केली. ते खुर्चीतून बघत होते. एकदाही अडवलं नाही. मग उठून दोघांचा चहा करून आणला.

सोमवारी सकाळी ते उठले नाहीत.

बाबांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदनेला माणसं बाल्कनीपर्यंत दाटली होती. दरवाज्यावर बाहेरून तपकिरी ओघळ फुटले होते. तिच्या ऑफिसातली देवयानी त्याला टेकून हळूच म्हणाली, “साहेबांनी तुझी मुदत वाढवलीये. आता तुला अडवणारं कोण आहे गं? बिल्कुल मोकळी आहेस.”

श्रावस्तीनं मान हलवली.

सगळे गेल्यावर ती बाल्कनीत आली. खाली कुणीतरी स्कूटर सुरू करायची खटपट करत होतं. स्कूटर चालू होऊन निघून जाईपर्यंत श्रावस्ती थांबली.

“बाबा,” ती मोठ्यानं म्हणाली, “मला जायचं होतं. पण तुम्ही मागं घरी असताना.”