हाताचा अंदाज

शाळेतल्या बाईंची गाडी तिसऱ्यांदा गॅरेजच्या दारात उभी राहिली, तेव्हा बारक्या हातातलं काम टाकून पुढे आला. ऑटोमॅटिक गाडी. गिअरबॉक्समधून तेल गळतंय म्हणून दादानं तेल साठणाऱ्या खालच्या पत्र्याच्या चेंबरचं पॅकिंग दोनदा बदललं होतं, तरी बाईंच्या दारात रोज सकाळी लाल तेलाचा डाग हजर.

"माझं काही नाही हो," बाई म्हणाल्या, "पण शेजारीण विचारते, कुणाचा मुडदा पाडलात म्हणून."

दादा हसला. जरा जास्तच मोठ्यानं. "हल्ली पॅकिंगच बोगस येतात, बाई. आज कायमचा निकाल लावतो."

बारक्या त्याचा सख्खा धाकटा भाऊ. मिशा पिकल्या तरी गॅरेजात त्याचं नाव बारक्याच. वडील गेल्यावर दादानंच त्याला गाडीखाली टॉर्च धरायला बसवलं आणि तिथून पुढे सगळं काम शिकवलं. टॉर्च जरा हलला की टपली बसायची. चेंबरचे बोल्ट बारीक, ते बेतानं आवळायचे. जास्त पिळले की पॅकिंग चिरडतं आणि तेल वाट काढतं. किती पिळायचं ते दादाच्या हाताला कळायचं. बारक्यानं हौसेनं टॉर्क पाना आणला होता, पुरेसा जोर लागला की 'टक्' वाजणारा, तर दादानं त्याची पार टर उडवली. "उद्या घास गिळायलाही माप लागेल तुला." पाना पेटीतच पडून राहिला.

अलीकडे दादाच्या हातून सामान निसटायचं. शर्टाची बटणं वहिनी लावून द्यायची. "साखर वाढलीय, बोटांत जीव नाही म्हणतात," असं ती एकदा हळूच बोलली होती. बारक्यानं ते कानाआड केलं. ऐकून घेतलं असतं तर दादाला काम थांबव म्हणावं लागलं असतं. आणि काम सोडून दादा घरात बसलाय, हे चित्र त्याला सहनच होत नव्हतं.

गाडी वर चढवली. बाईंना घाई होती, म्हणून तेल निवायची वाट न बघता दादानं बोल्ट सैल केले. चेंबर एका अंगाला झुकलं आणि लालभडक तेल त्याच्या हातावरून मनगटापर्यंत ओघळलं. गाडी लांबून आलेली, बाजूला उभ्या बारक्याच्या गालाला झळ लागत होती. दादानं हात काढला नाही. तो बाईंना परीक्षांचं विचारत होता.

"दादा, हात!" बारक्यानं त्याचं कोपर धरून ओढलं.

"काय झालं रे?" दादानं विचारलं.

कातडी भाजून लाल झाली होती. बारक्यानं त्याला नळाखाली उभं केलं. दादा आपल्या हाताकडे परक्याच्या हाताकडे बघावं तसा बघत होता. बाई बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या.

बारक्यानं चेंबर उतरवलं. प्रत्येक भोकाभोवती पत्रा दबलेला, पॅकिंगचा पार चेंदामेंदा. माल बोगस नव्हता. ते पॅकिंग तो घाईघाईनं कचऱ्यात टाकायला निघाला, पण दादा हाताला ओलं फडकं गुंडाळून मागेच उभा होता.

"लपवू नकोस. मीच पिळलंय ते."

बारक्यानं लाकडाच्या ठोकळ्यावर चेंबरची कड ठोकून सरळ केली, नवं पॅकिंग बसवून चेंबर वर लावलं.

"तुझी ती पेटी आण," दादा म्हणाला. "आणि रेडिओ बंद कर."

वडिलांच्या वेळेपासून दिवसभर वाजणारा रेडिओ बंद झाला. दादानं दुसऱ्या हातानं टॉर्क पाना धरला आणि कान देऊन बोल्ट आवळू लागला. टक्. थांबला. पुढचा. टक्. थांबला. तेवढ्यात रस्त्यावरून एक ट्रक खडखडत गेला. त्या आवाजात पाना वाजलेला दादाला कळलाच नाही, तो पिळतच राहिला.

"झालं, दादा," बारक्या हळूच म्हणाला.

दादा थांबला. ट्रक लांब गेला तरी तो वर बघतच उभा होता. मग त्यानं पाना बारक्याच्या हातात दिला आणि फळीवरचा टॉर्च उचलला.

"आवळ तू," तो म्हणाला. "मी उजेड धरतो."

त्यानं टॉर्च दोन्ही हातांनी धरला होता, तरी उजेड हलत होता. तेवढ्याच उजेडात बारक्यानं उरलेले बोल्ट आवळले.