गार मशीनं
माझ्या भावजींना टाळ्यांचं भारी वेड. सोसायटीच्या मीटिंगला गेले तरी आभार मानताना आपलं नाव आलं की नाही, एवढंच ऐकून घरी येतात. त्या दिवशी तर त्यांच्याच कॉम्प्युटर क्लासमध्ये त्यांचा सत्कार होता. सत्कार करणार होते आमच्या लॅबचे सर, आणि मांडामांड करायला मी आधी पोचले होते.

आमची लॅब एका आजारावर औषध शोधते. त्या आजारात स्नायू हळूहळू हात टेकतात. भावजींच्या मुलीला, माझ्या भाचीला, तोच आजार आहे. लहानपणी स्वतःपेक्षा मोठ्या वस्तू ओढत न्यायची म्हणून आम्ही तिला मुंगी म्हणतो. आता तिला चमचाही जड होतो.

लाखो रेणूंमधून कामाचा एखादा निवडायचा, हे एका कॉम्प्युटरला जन्मात जमणारं नाही. म्हणून आम्ही कामाचे तुकडे पाडतो आणि लोकांच्या घरी रिकाम्या बसलेल्या कॉम्प्युटरांना वाटतो. त्यासाठीचं सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहे, म्हणजे फुकट, आणि कुणीही उघडून वाचावं, सुधारावं असं. प्रत्येक तुकडा दोन वेगळ्या नावांच्या मशीनना जातो. उत्तरं जुळली तर पक्कं, नाही जुळली तर तिसऱ्याला विचारायचं. जो जास्त तुकडे करील त्याचं नाव वर. भावजी पहिले होते, म्हणूनच सत्कार, आणि त्यांची बायको, म्हणजे माझी ताई, दुसरी. ताईला साधा फोटो पाठवता येत नाही, पण क्लासमधली अर्धी मशीनं तिच्या नावावर चढवलेली होती. मुंगी तिच्या जुन्या लॅपटॉपसकट तळाला.

असल्या खोलीत भट्टी पेटल्यासारखं होतं, म्हणून मी पातळ कपडे घालून गेले होते. आत पाऊल टाकलं आणि अंगावर काटा आला. खोली गार होती. एसी बंद, पंखे बंद, आणि रांगेतल्या प्रत्येक पडद्यावर आमचं काम झरझर पुढे सरकत होतं. मी एका मशीनच्या पाठीला हात लावला. मग दुसऱ्याच्या, तिसऱ्याच्या. गणित करणारं मशीन तापतं, त्याला इलाज नाही. ही सगळी मढ्यासारखी गार होती.

मी खुर्ची ओढून प्रोग्रॅम उघडला. भावजींनी तो बदलला होता. येईल त्या रेणूला, काही न मोजता, 'निरुपयोगी' म्हणून मोकळं व्हायचं. बहुतेक रेणू खरंच निरुपयोगी असतात, त्यामुळे उत्तरं जुळत राहिली आणि कुणाला संशय आला नाही. पण एखादा कामाचा निघाला, कुणा भल्या माणसाच्या मशीनने तसं सांगितलं, तर तिसरं मत द्यायला ताईच्या नावाचं मशीन हजर. दोघांनी मिळून त्याला बाद करायचं. म्हणजे कुंपणानेच शेत खाल्लं होतं, आणि शेत पोटच्या पोरीचं.

भावजी तेव्हा कोपऱ्यातल्या एका बिघडलेल्या मशीनच्या बंद पडद्यात बघून भांग पाडत होते. मी विचारलं, तर त्यांनी नाकारलंसुद्धा नाही. कंगव्यातला कोंडा फुंकून म्हणाले, "अगं, मशीनं तापली की खराब होतात, मग क्लास कशावर चालवू? आणि एवढ्या जगात माझ्यावाचून काय अडलंय?"

मला शिसारी आली. त्यांच्या कंगव्याची, त्या चपट्या भांगाची, टेबलावरच्या पुष्पगुच्छाचीसुद्धा. मी सरांना फोन लावला. सर म्हणाले की आज कार्यक्रम होऊ दे, नंतर गुपचूप बघू. एवढा सहभाग गळला तर अहवालातला आकडा बरा दिसणार नाही. चोर परवडला, पण हा राखणदार नको. मी फोन ठेवला आणि तिथल्या तिथे भावजींच्या आणि ताईच्या नावावरची सगळी उत्तरं रद्द केली. यादीतलं पहिलं आणि दुसरं नाव पडद्यावरून गेलं.

तेवढ्यात ताई मुंगीची चाकाची खुर्ची ढकलत आली. मुंगीच्या मांडीवर टॉवेलची घडी, घडीवर लॅपटॉप. त्याचा पंखा दमेकऱ्यासारखा घरघरत होता.

"मावशी, हात लावून बघ किती तापलाय," ती म्हणाली. "बाबांची मशीनं बघ, एवढं काम करून गार. भारीतली असणार."

भावजींनी माझ्याकडे बघितलं, डोळ्यांनी विनवलं. मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही.

"ती काम करत नव्हती, मुंगे," मी म्हणाले, आणि सगळं सांगितलं. ताई मधेच भिंतीला टेकून खाली बसली. मुंगी रडेल असं मला वाटलं होतं. तिने फक्त विचारलं, रद्द झालेले तुकडे आता कोण करणार. मी म्हटलं, पुन्हा वाटायचे, ज्याला जेवढे जमतील तेवढे.

तिने लॅपटॉपच्या कोपऱ्याकडे पाहिलं. बॅटरी संपत आली होती. भिंतीवरच्या सगळ्या सॉकेटमध्ये क्लासची मशीनं लावलेली.

"बाबा, तुमचा एक प्लग काढा," ती म्हणाली. "मला चार्जिंगला लावायचंय."

भावजी सत्काराच्या कोटासकट टेबलाखाली वाकले.