आप्पांची पाठ आणि अर्धाच अर्थ

मी एक जुना, जाडजूड इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. पोटात चाळीस हजार शब्द आणि तोंडात एकही नाही, अशी माझी अवस्था. माझी पानं शिवणारा बाइंडर म्हणाला होता, "हा दोन पिढ्या टिकेल." मित्रांनो, मी टिकलो, पण कसा, ते ऐका.

मला घरी आणलं घड्याळं दुरुस्त करणाऱ्या आप्पांनी, मुलाचं इंग्रजी सुधारावं म्हणून. मुलानं माझी पानं चाळली, आणि माझ्यावर उभं राहून खाऊचा डबाही काढला. त्याला बक्षीस मिळालं तेव्हा सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. पुढे तो परदेशी नोकरीला गेला आणि कुणाला न विचारता तिथल्याच मुलीशी लग्न करून मोकळा झाला. आप्पांनी अबोला धरला. त्याचा फोन आला की ते उठून जात. अशी तीन वर्षं गेली. मी कपाटावर धूळ खात पडलो.

मग सुनेचं पत्र आलं. आप्पांच्या पत्नीला, म्हणजे माईंना, इंग्रजी जेमतेम वाचता येई. पुढच्या महिन्यात दोघं येताहेत, एवढं त्यांना कळलं. शेवटची ओळ मात्र अडली: 'तोवर बाबा अनबेंड होतील, अशी आशा आहे.'

माईंनी मला खाली काढून फडक्यानं पुसलं. त्या शब्दाचे मी दोन अर्थ दिलेत. पहिला, वाकलेलं सरळ होणे. दुसरा, ताठा सोडणे, मोकळेपणानं वागणे. धनुष्याची दोरी सोडली की ते सरळही होतं आणि त्याच्यावरचा ताणही जातो, म्हणून एका शब्दात दोन्ही. माईंचं बोट दुसऱ्या अर्थावर थांबलं. मग त्यांनी आप्पांकडे पाहिलं. चाळीस वर्षं घड्याळांवर वाकून त्यांच्या पाठीची कमान झाली होती.

"काय म्हणते?" आप्पांनी मान वर न करता विचारलं.

"सरळ होणे," माई म्हणाल्या. "तुमच्या पाठीची काळजी करतेय सून."

आप्पांच्या हातातला चिमटा थांबला. "पोटच्या पोरानं कधी विचारलं नाही."

"विचारायला तुम्ही फोनवर यायला हवं ना."

दुसरा अर्थ सांगा, असं मी मनातल्या मनात ओरडत होतो. माईंनी मला मिटलं आणि माळ्यावर, मोडक्या पंख्यामागे ठेवून दिलं. तिथून खालची खोली दिसायची, तेवढंच सुख.

दुसऱ्या दिवसापासून आप्पा रोज पंधरा मिनिटं भिंतीला पाठ टेकून उभे राहू लागले. नुसतं उभं राहून कंटाळा येई, म्हणून बोलू लागले. सून काय काम करते? तिला मराठी येतं का? गिऱ्हाइकांनाही सांगत, "सून तिकडून चौकशी करते हो माझी."

ती दोघं आली तेव्हा आप्पा दारात खांबासारखे उभे होते. पाठ केलेलं इंग्रजी त्यांनी म्हणून दाखवलं, "आय अनबेंड. फॉर यू." सुनेचे डोळे भरले आणि तिनं त्यांना मिठीच मारली.

"हळू, हळू. पाठ," आप्पा पुटपुटले, पण बाजूला झाले नाहीत. मुलगा बॅगा धरून पायरीवरच उभा होता. आप्पांनी त्याचं मनगट धरलं. "पाच मिनिटं मागे आहे. काढ ते घड्याळ. आणि आत ये."

पाहुणे परत गेल्यावर आप्पा काहीतरी शोधायला माळ्यावर चढले आणि मी हाती लागलो. तिथेच बसून त्यांनी ते पान वाचलं.

"अगं, दुसराही अर्थ आहे इथे."

"असेल," स्वयंपाकघरातून माई म्हणाल्या. "माझ्या डोळ्यांवर चष्मा नव्हता."

आप्पा इतके हसले, की पाठीत उसण भरली.

आता मी त्यांच्या टेबलावर असतो. चार ओळींचं पत्र सुनेला लिहायला त्यांना अख्खी दुपार लागते, पण अर्थ ते माईंना विचारत नाहीत. मित्रांनो, तुमच्याही घरी माझा एखादा भाऊबंद धूळ खात असेल. त्याला खाली काढा, पुसा, आणि अर्थ स्वतःच्या डोळ्यांनी शेवटपर्यंत वाचा. वाचून दाखवणारी माई असेल, तर मात्र तिला वाचू द्या.