पिशवीचं तापमान

शनिवारी सकाळी कुरिअरचा खोका उघडला तेव्हा ज्ञानेश्वरीला बरं वाटलं होतं. नमुना खोलीतला डिजिटल तापमापक, तो अचूक दाखवतो की नाही हे तपासून घेण्यासाठी, आठवडाभर वसईला गेला होता. तो आता ऑडिटच्या दोन दिवस आधी परत आला होता. सोबत प्रमाणपत्र होतं, त्यावर शिक्का होता आणि तारखा होत्या. या कंपनीत वेळेवर आलेली ती त्या महिन्यातली बहुधा पहिलीच गोष्ट.

कंपनी तारापूर एमआयडीसीतली, औषधांचा कच्चा माल करणारी. गिऱ्हाइकाला पाठवलेल्या प्रत्येक मालाचा थोडा नमुना दोन वर्षं जपून ठेवायचा आणि तो टिकतो का ते बघायचं, त्यासाठी ही नमुना खोली होती. खोलीचं तापमान पंचविसाच्या आसपास हवं, सत्तावीसच्या वर मुळीच जायला नको. दिवसातून दोनदा आकडा बघायचा आणि रजिस्टरात लिहायचा. लिहायचं प्रयोगशाळा सहाय्यक शैलेशने, तपासून सही करायची ज्ञानेश्वरीने.

ती तापमापक टांगायला खोलीत गेली, तर खिळ्यावर डब्याची पिशवी लटकत होती.

"काढतो, काढतो मॅडम," जिवल्या मागून धावत आला. तो मासवणकडचा. प्रयोगशाळेतली काचेची भांडी गेली पंधरा वर्षं तोच धूत होता. "खिळा रिकामा व्हता, म्हनून रविवारपासून इथंच टांगत व्हतो. बाहेर मुंग्या लागतात."

तिने तापमापक टांगला आणि तो परत आल्याची नोंद करायला रजिस्टर उघडलं.

रविवार, सकाळ २४.६, दुपार २५.१. सोमवार, सकाळ २४.८, दुपार २५.२. असं करत गुरुवारपर्यंत. दहा नोंदी, काही निळ्या पेनाने, काही काळ्या. शुक्रवारची, म्हणजे सुट्टीची, ओळ मात्र शैलेशने रिकामी सोडली होती. तेवढा तो काटेकोर होता.

आणि प्रत्येक नोंदीपुढे, 'तपासले'च्या रकान्यात, तिची स्वतःची सही.

गुरुवारची संध्याकाळ तिला लख्ख आठवली. सहाची बस होती. सोबतची केमिस्ट वैभवी "पाच मिनिटांत येते गं" म्हणून चार वाजता फोन कानाला लावून गेली होती ती आलीच नव्हती, आणि तिचं काम ज्ञानेश्वरी स्वतःच्या कामावर चढवून करत होती. शैलेशने रजिस्टर पुढे सरकवलं होतं. "इथं. इथं. आणि हे खाली." तिने एक डोळा काचेच्या नळीवर ठेवून दहा सह्या ठोकल्या होत्या.

अकरा महिने ती या लोकांवर मनातल्या मनात चरफडत होती. नऊची वेळ असताना शैलेश साडेनऊला येई आणि रोज बोईसर स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्यांना दोष देई. त्याच रिक्षाने ती पावणेनऊला पोहोचलेली असे. वैभवी टेबलावर बसून व्हॉट्सअॅपवर कुर्ते विकायची. साहेबांकडे तक्रार न्यावी, तर प्रफुल्ल सर तोंडावर "अगदी बरोबर आहे तुझं" म्हणायचे आणि दुसऱ्याच्या तोंडावर त्याचं अगदी बरोबर असायचं. या सगळ्यात आपली सही तेवढी स्वच्छ आहे, यावर तिचं चाललं होतं. एमआयडीसीतल्या औषधकंपन्या एकमेकींना फोन करून माणूस घेतात. खोट्या नोंदीखाली सही केलेली केमिस्ट म्हणून एकदा नाव झालं, की ते तिच्या आधी पुढच्या गेटवर पोहोचणार.

शैलेश साडेनऊला आला, हातात वडापावची पुडी.

"शैलेशदादा, रविवारी खोलीचं तापमान कशावर बघितलंत?"

"तापमापकावर. आनखी कशावर बगनार?"

"तो वसईला होता."

शैलेशचा घास थांबला. "कवा?"

"रविवार ते गुरुवार. मीच खोका बांधला. तुम्ही चिकटपट्टी धरली होतीत."

"हां," तो जरा विचार करून म्हणाला, "ती चिकटपट्टी. आठवली."

"मग या दहा नोंदी कशाच्या?"

"मॅडम, ती खोली पंचवीसचीच हाय. चार वर्षं झाली, मी कदी येगळं बगितलंच नाय."

"बघितलंच नाही, हे पटलं मला."

"तसं नाय हां." शैलेशला आता लागलं. "आपन उगा सगळीकडं पंचवीस नाय लिवत. दुपारचं थोडं वर टाकतो. पेन बदलतो. त्येला पन डोकं लागतं."

वैभवी खुर्ची फिरवून बघत होती. "जिवल्याकाका, सोमवारी डब्यात काय होतं हो?"

"भाकरी न् सुकटीची चटनी."

"मग पंचवीस पॉइंट दोन बरोबर आहे!" ती टेबलावर हात आपटून हसली. शैलेशही हसला. जिवल्याने पिशवी पाठीमागे लपवली.

ज्ञानेश्वरी रजिस्टर घेऊन सरांच्या खोलीत गेली.

प्रफुल्ल सरांनी आधी दार लावायला सांगितलं. मग प्रमाणपत्र एका हातात आणि रजिस्टर दुसऱ्या हातात धरून ते बराच वेळ दोन्हीकडे बघत राहिले. गिऱ्हाईक कंपनीची ऑडिटर सोमवारी येणार होती. मागच्या वर्षी तिने ताकीद देऊन सोडलं होतं. या वेळी काही खोटं सापडलं, तर नमुन्यांचं सगळं काम कंपनीच्या गुजरातच्या प्लांटला हलवायचं, असं मालक उघड बोलले होते.

"अगदी बरोबर आहे तुझं," सर म्हणाले. "पण असंच रजिस्टर पालघरला मिळतं."

"म्हणजे?"

"जानेवारीपासून नवीन लिहून काढू. या पाच दिवसांपुढे लिहू, उपकरण तपासणीला पाठवलं होतं. खरंच आहे ना ते? खोटं काहीच राहत नाही मग."

"रजिस्टरच खोटं असेल, सर."

"तुझ्याच सहीसाठी करतोय हे मी," सर म्हणाले, आणि ते खरंही होतं, म्हणून ती आणखी वैतागली.

रविवारी सकाळी ती नेहमीप्रमाणे पावणेनऊला पोहोचली, तर प्रयोगशाळेचा दिवा आधीच लागलेला. शैलेश आलेला होता. वैभवी आलेली होती आणि तिचा फोन बंद करून खणात ठेवलेला होता. टेबलावर चार पेनं ओळीने मांडलेली, त्यातलं एक अर्धं संपलेलं. "नवीन पेनाची शाई जानेवारीत कशी असेल?" वैभवीने तिलाच विचारलं. नव्या रजिस्टराचे कोपरे जिवल्याकडून मुद्दाम ओल्या हाताने चाळून घेतले होते.

मग काम सुरू झालं. वैभवी जुन्यातले आकडे वाचत होती, शैलेश लिहीत होता, प्रफुल्ल सर स्वतः शेजारी उभं राहून एकेक ओळ पडताळत होते. कुणी चहाला उठलं नाही. फेब्रुवारीत एका ठिकाणी शैलेशकडून २५.३ ऐवजी २५.२ झालं, तर वैभवीने त्याला थांबवलं. "जसंच्या तसं हवं. अंदाजे नाही चालणार."

ज्ञानेश्वरीने हे वाक्य ऐकलं आणि तिला ओरडावंसं वाटलं. जो वक्तशीरपणा, जी एकजूट, जी दुबार तपासणी ती अकरा महिने मागत होती, ती सगळी समोर मांडलेली होती, आणि कशासाठी, तर हे करायला. यातला दहावा हिस्सा रोज केला असता, तर आज सगळे आपापल्या कामाला लागले असते.

दीडला शेवटची ओळ झाली. शैलेशने सवयीने शनिवारची आणि रविवार सकाळचीही नोंद टाकून दिली, २४.९, २५.०, २४.८, आणि बोटं मोडली. "आता फकस्त तुमच्या सह्या, मॅडम. शंभरावर हायत. आरामात करा."

"उद्या सकाळी करते," ती म्हणाली.

घरी तिचे वडील, नागोराव, रक्तदाब मोजून वहीत लिहीत बसले होते. नांदेडहून आल्यावर त्यांनी तीस वर्षं बोईसरच्या एका कापड कारखान्यात बॉयलर सांभाळला होता, तासातासाला दाबाचा आकडा लिहिला होता. ती सवय आता रक्तदाबावर आली होती.

"बाबा, तुम्ही कधी न बघता आकडा लिहिलाय?"

"लिहिलाय ना. एकदा झोप लागली होती."

"मग?"

"मग काय? काहीच झालं नाही." त्यांनी वही मिटली. "त्यानंतर मला रोज कळायचं, की असं केलं तरी काही होत नाही. ते फार वाईट. बॉयलरपाशी उभं राहायला भ्या वाटायचं."

सोमवारी ती साडेआठला पोहोचली. सह्या करायला टेबल पुसून, दोन्ही रजिस्टरं शेजारी शेजारी ठेवून बसली. नवीन उघडलं. शैलेशचं अक्षर इतकं सुबक तिने कधी बघितलं नव्हतं. पेन टेकवलं तर एकशे आठ वेळा तेच करायचं होतं, जे गुरुवारी दहा वेळा केलं होतं, फरक एवढाच, की या वेळी बघून. मग तिने नवीन रजिस्टर मिटलं, सरांच्या टेबलावर नेऊन ठेवलं आणि जुनं पुढे ओढलं. दहा नोंदींवरून पट्टीने एक बारीक रेघ मारली, आकडे वाचता येतील अशी. शेजारी लिहिलं: 'या पाच दिवसांत तापमापक खोलीत नव्हता. नोंदी न बघता केलेल्या आहेत. सही मी न तपासता केली आहे.' खाली नाव, तारीख, वेळ.

दहा वाजता गेटवर गाडी आली तेव्हा प्रफुल्ल सरांनी व्हरांड्यातच तिला गाठलं. "झाल्या सह्या?"

"एकच लागली, सर."

त्यांना ते कळायच्या आत ऑडिटर आत आली होती. प्रियंका तिचं नाव. वयाने ज्ञानेश्वरीएवढीच असेल. कमी बोलणारी. चहा नको म्हणाली. रजिस्टर मागितलं. ज्ञानेश्वरीने जुनं दिलं. प्रियंका पानं उलटत त्या पानाशी आली आणि थांबली. शैलेश भिंतीकडे बघू लागला. वैभवीचा हात फोनकडे गेला आणि परत आला.

"हे कोणी लिहिलं?"

"मी."

"या पाच दिवसांत खोलीचं तापमान किती होतं?"

"माहीत नाही."

सरांनी घसा खाकरला. "साधारणपणे, मॅडम, आमची ती खोली नेहमीच..."

"ह्यांना विचारतेय. अंदाजे?"

"अंदाज सांगता येणार नाही," ज्ञानेश्वरी म्हणाली.

प्रियंका उठली. "आत्ता किती आहे ते तरी बघू."

सगळे मागोमाग नमुना खोलीत गेले. खिळ्यावर तापमापक टांगलेला होता, नुकताच तपासून आलेला, शंका घ्यायला जागा नसलेला. त्यावर आकडा होता २८.४.

एसी घरघरत होता, वारा येत होता, पण साधा पंख्यासारखा.

"तो कवाचा नुसता वाराच सोडतो," दारातून जिवल्या म्हणाला. "माजी भाजी दुपारपत्तूर आंबायची. मी बोल्लो शैलेशदादाला. ते बोल्ले, खोली पंचवीस हाय."

शैलेशने मान खाली घातली. पण ज्ञानेश्वरीला त्याच्यावर चिडायला सवड नव्हती. शनिवारी तापमापक तिनेच टांगला होता. दोन दिवस तो तिथे खरा आकडा दाखवत होता. दोन दिवस पलीकडच्या खोलीत चार शिकलेली माणसं तापमानावरच बोलत होती, आकडे वाचत होती, पडताळत होती, आणि एकालाही उठून बघावंसं वाटलं नव्हतं. तिलाही नाही. पाच दिवस खोलीचं तापमान फक्त जिवल्याच्या पिशवीला माहीत होतं.

प्रियंकाने सगळं उतरवून घेतलं. जाताना सांगितलं, नमुन्यांचं काम महिनाभर थांबवा, एसी दुरुस्त करा, सगळे नमुने पुन्हा तपासून आकडे पाठवा. गुजरातचं काय ते त्यानंतर ठरेल. दारापाशी ती ज्ञानेश्वरीकडे वळली. "ह्या शेऱ्याची प्रत मी लावतेय. तुमच्या नावासकट."

"लावा," ज्ञानेश्वरी म्हणाली.

प्रफुल्ल सर दिवसभर तिच्याशी बोलले नाहीत. संध्याकाळी वैभवी बसमध्ये तिच्या शेजारची जागा सोडून पुढे जाऊन बसली.

मंगळवारी नऊला पाच मिनिटं कमी असताना शैलेश आला. वडापाव नव्हता. सरळ नमुना खोलीत गेला आणि आतूनच ओरडला, "मॅडम, अठ्ठावीस पॉइंट सात हाय! काय लिवू?"

"अठ्ठावीस पॉइंट सात."

"हद्दीच्या वर हाय ते."

"हो."

तो रजिस्टर घेऊन बाहेर आला, पेन उघडून उभा राहिला. आकडा लिहायला त्याला कधी नव्हे इतका वेळ लागला. मग त्याने रजिस्टर तिच्यापुढे ठेवलं आणि बोट सहीच्या जागी नेलं. "इथं."

ज्ञानेश्वरीने हातातली नळी स्टँडला लावली, उठली, आत गेली, आकडा बघितला आणि परत आली.

"सहा आहे."

"मी बगितलं तवा सात व्हतं."

"आत्ता सहा आहे."

"मग मी काय खोटं बोल्लो का?" शैलेशचा आवाज चढला. "आईशप्पत, डोल्यांनी बगितलं मी! चला, परत बगू."

ते दोघं परत बघायला गेले.