हिमफुलांचं कापड

हिवाळ्याच्या तोंडालाच गेनपेई हिमलोटाखाली गेला. गावकऱ्यांनी लांब बांबू बर्फात खुपसून त्याला खूप शोधलं आणि शेवटी हात टेकले. वसंतात बर्फच परत देईल, असं म्हणून ते आपापल्या घरी गेले. फुसाला नवऱ्याचं तोंड एकदा बघायचं होतं, बाकी काही नको होतं. तोवर अंत्यविधी नाही की धड रडणं नाही. तिची सासू तोरा तर त्याचा भाताचा वाडगासुद्धा जागचा हलवू देईना.

अशात कापडाचा दलाल तोकुझो आला. एदो शहरातल्या बायकांना म्हणे उन्हाळ्यात हिमफुलांच्या नक्षीचे किमोनो हवे होते, बघूनच गार वाटतं म्हणून.

"त्यांना इकडं धाडा," तोरा म्हणाली. "छपरावरचा बर्फ उपसायला लावते. चांगल्या गार होतील."

पण घरातली चूल फुसाच्या हातमागावर पेटत होती, नाही म्हणायची सोय नव्हती. नक्षी खरी हवी म्हणून तोकुझोनं जाताना एक भिंग ठेवलं.

पडता बर्फ झेलायला गारठवलेलं काळं तबक घेऊन फुसा अंगणात बसली. पहिलंच हिमफूल तिच्या उसाशानं पाणी झालं.

"श्वास रोख की, भवाने," तोरा दारातून म्हणाली.

श्वास रोखल्यावर भिंगातून दिसलं. सहा पाकळ्या, प्रत्येकीला नेच्याच्या पानासारखी बारीक कातर, मधोमध सुईच्या टोकाएवढं सहा कोनांचं घर. शेजारी दुसरं पडलं, त्याची घडण अगदी निराळी. इतक्या निगुतीनं केलेलं काही तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. ते तिला आवडलं, आणि आवडलं म्हणूनच तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वजन म्हणून नव्हतं एकेकाला, आणि त्यांनीच धडधाकट गडी दाबून मारला होता.

तरी तिनं ती सगळी विणली. कोरड्या उबेत धागा तुटतो, म्हणून मागाच्या खोलीत शेगडी चालत नाही. बोटं बधिर व्हायची, तेवढंच बरं वाटायचं.

विणलेलं कापड उन्हात बर्फावर पसरलं की उजळतं. त्या वर्षी वसंत लवकर आला, शेतं उघडी पडली, बर्फ उरला तो फक्त हिमलोटाच्या ढिगावर. तिथं कोण आहे हे दोघींनाही ठाऊक होतं. तोरानं कापडाचं एक टोक धरलं आणि चालायला लागली.

मग एका सकाळी भोवतीचा बर्फ खाली बसला होता, पण कापड एका जागी उंचच राहिलं होतं. कडेनं गवती कोटाचा खांदा दिसत होता. फुसा धावली. धावली आणि आधी कापड उचलून डाग पडला का ते बघू लागली. आपण काय करतोय हे लक्षात आलं तेव्हा ती शरमेनं मेली.

"घडी घाल आधी," तोरा म्हणाली. "तो आता कुठं जातोय?"

दोघींनी टोकाला टोक लावून, दरवर्षीसारखी घडी घातली. मग फुसानं गुडघे टेकून बोटांनी त्याच्या तोंडावरचा बर्फ काढला. गेनपेईच होता, जसाच्या तसा. ती वाकून बघत राहिली, कितीतरी वेळ, हलेचना.

तोरानं तिच्या पाठीवर हात ठेवला.

"श्वास घे, पोरी," ती म्हणाली. "तो विरघळायचा नाही."