छत्र्यांच्या डब्यातली थोरली

मी एक जुनी तलवार आहे. मित्रांनो, हे वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. म्हणून ते एकदाच म्हणून टाकलं आणि आता लगेच मागे घेते. मी जुनी नाही. माझा जन्म झाला तेव्हा रस्त्यावर मोटारी धावत होत्या आणि मला घडवणाऱ्या ओतारी बाईंच्या कारखान्यात रेडिओ चालू होता.

फार फार पूर्वी चीन देशात काशाच्या तलवारी ओतल्या जात. तांबं आणि कथील एकत्र वितळवलं की कासं तयार होतं. त्या तलवारी सरळ आणि दुधारी असत. पात्याच्या मधोमध कणा, मुठीवर दोन कडी आणि शेवटी एक गोल चकती. ओतारी बाई त्यांच्या हुबेहूब प्रतिकृती करत. माझा मातीचा साचा तडकला, तो त्यांनी न कुरकुरता पुन्हा केला. मी साच्यातून निघाले, घासूनपुसून तयार झाले, तेव्हा अशी पिवळीधमक दिसत होते की बाईंनी रेडिओ बंद केला आणि नुसत्या बघत बसल्या. मग मुठीशेजारी त्यांनी आपला ठसा उमटवला, एक छोटीशी चिमणी. हा ठसा म्हणजे माझं आडनावच समजा.

मला न्यायला जो व्यापारी आला त्याला बाईंनी बजावलं, "नवी आहे हे गिऱ्हाइकाला सांगायचं हं. चिमणी बुजवायची नाही."

"छे छे ताई, विश्वास नाही का माझ्यावर?" तो म्हणाला.

विश्वास! घरी नेल्या नेल्या त्या गृहस्थाने डिंकासारख्या चिकट रसायनात हिरवी पूड कालवली आणि माझ्या अंगावर थापली. वर माती चोळली. चिमणी गुदमरली. काशाला शेकडो वर्षांनी जे हिरवं पुट चढतं, ते मला दोन दिवसांत चढलं. मला इतका संताप आला होता, पण तलवारीला तोंड नसतं, नुसती धार असते. आणि माझी धारही त्याने मातीने माखून टाकली होती.

मला विकत घेतलं ते एका दातांच्या डॉक्टरांनी. माणूस वाईट नव्हता. जुन्या काशाच्या वस्तू जमवण्याचा त्यांना भारी नाद. भाल्याची टोकं, आरसे, बाणांची अग्रं यांनी त्यांची बैठकीची खोली भरली होती. आयुष्यभर लोकांच्या दातांवरचं कीटण खरवडून काढणारा हा माणूस माझ्या अंगावरच्या खोट्या कीटणावर मात्र बेहद्द भाळला. मला काचेच्या कपाटात मखमलीवर निजवलं. सुट्टीच्या दिवशी त्यांचे संग्राहक मित्र येत, भिंग लावून मला न्याहाळत आणि म्हणत, "वा! त्या काळचे कारागीर म्हणजे कारागीर! आता कुठे असले हात?"

आता कुठे? अहो, आहेत ना! तीन गल्ल्या सोडून आहेत! माझी प्रत्येक स्तुती अडीच हजार वर्षांपूर्वी मेलेल्या कुणाच्या तरी पदरात पडत होती आणि माझ्या बाईंच्या वाट्याला काहीच येत नव्हतं. अशी स्तुती ऐकण्यापेक्षा शिव्या परवडल्या.

पण मित्रांनो, माझं दुःख हे निम्मंच. खरी अस्सल तलवार त्याच घरात होती. दाराशेजारच्या छत्र्यांच्या डब्यात, दोन छत्र्या आणि एका काठीच्या मधे. मी तिला थोरली म्हणायची. ती खरोखरच चीनच्या मातीतून निघालेली, खरोखरच तेवढी म्हातारी. डॉक्टरांनी तिला तरुणपणी घेतलं होतं. मग तिची अशी दशा का? तर ती चकचकीत होती म्हणून. "एवढी स्वच्छ तलवार जुनी कशी असेल? मला फसवलं त्या वेळी," असं डॉक्टर सगळ्यांना सांगत. ती स्वच्छ कशी झाली, हे मात्र ते साफ विसरले होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा.

एक दिवस डॉक्टरांची लेक आली. ती हौशी नाटकांत कामं करायची आणि या खेपेला सेनापती झाली होती.

"बाबा, एखादी तलवार द्या ना. लाकडी तलवारीने घाव घातला की हसू येतं लोकांना."

"ती डब्यातली ने," डॉक्टर वर न बघता म्हणाले. "नकलीच आहे. मोडली तरी चालेल."

मोडली तरी चालेल! मी कपाटात पडल्या पडल्या आकांत करत होते. जुनं कासं दिसायला दणकट, पण काचेसारखं ठिसूळ असतं. 'अहो, मला द्या! मी नवी आहे, मी घाव सोसेन!' पण ऐकतो कोण? लेक थोरलीला काखोटीला मारून गेली. जाताना थोरली दाराला टेकली आणि एक बारीक नाद झाला. तो मला अजून आठवतो.

त्यानंतर काही दिवसांनी लेक पुन्हा आली. डॉक्टरांनी मला पुसायला बाहेर काढून टेबलावर ठेवलं होतं. सेनापतीला रंगवलेली नखं शोभत नाहीत म्हणून लेक त्याच टेबलाशी बसून नेलपॉलिश काढू लागली. बोलता बोलता तिचा हात लागला आणि बाटली आडवी झाली. ते झोंबरं पाणी सगळं माझ्या अंगावर!

"अगं, काय केलंस हे!" डॉक्टर किंचाळले. "अडीच हजार वर्षं टिकलेली वस्तू, आणि तू पाच मिनिटांत..."

लेकीने घाबरून कापसाच्या बोळ्याने मला पुसलं. बोळा हिरवा झाला. दुसराही झाला. माझं अंग उजळत चाललं. शेवटी मुठीशेजारून चिमणीने डोकं वर काढलं. मित्रांनो, इतक्या वर्षांनी मला मोकळा श्वास मिळाला होता.

"बाबा, ही तर नवी आहे," लेक हळूच म्हणाली.

डॉक्टर मटकन खुर्चीत बसले. "म्हणजे दोन्ही खोट्या? पुन्हा फसलो मी?"

आरडाओरडा ऐकून डॉक्टरांची बायको हात पुसत आतून आली होती. ती म्हणाली, "दोन्ही कशा? अहो, त्या दुसरीचं हिरवं पुट तुम्हीच नाही का काढलंत? लग्न नुकतं झालं होतं आपलं. दवाखान्यातली आकड्यासारखी हत्यारं घरी आणून दिवसभर खरवडत बसला होतात. वर दात चमकवायची पूड लावलीत आणि मला हाक मारलीत, 'बघ, कशी मोत्यासारखी केली!' मी म्हटलंसुद्धा, पेशंट आहे का ती?"

डॉक्टर ताडकन उठले. "ती आता कुठे आहे?"

"तालमीच्या हॉलवर," लेक म्हणाली. "आज ढालीवर घाव घालायचा प्रसंग... मी पोचायच्या आधीच बाकीचे तो सुरू करणार होते."

बापलेक तशीच धावत सुटली. डॉक्टरांच्या एका पायात चप्पल होती, एक दारातच राहिली. मी टेबलावर ओली पडून होते आणि पहिल्यांदाच मला माझ्या चिमणीचं काही वाटत नव्हतं. फक्त थोरली यावी, एवढंच वाटत होतं.

थोरली आली. टॉवेलमध्ये गुंडाळून, दोन तुकड्यांत.

डॉक्टर कुणावर ओरडले नाहीत. मोडली तरी चालेल, हे त्यांचेच शब्द होते. आपलेच दात आणि आपलेच ओठ. त्यांनी मखमलीवर दोन्ही तुकडे शेजारी शेजारी ठेवले आणि मला छत्र्यांच्या डब्यात टाकलं.

तेव्हापासून या घरात मला 'खोटी' म्हणतात. याचा मला भयंकर राग येतो. मी खोटी कधीच नव्हते. मी नवी होते. खोटं बोलला तो व्यापारी. पण बोल लागला तो मला, आणि घाव सोसला तो थोरलीने.

नाटकाला मात्र लेकीने मलाच नेलं. मी ढालीवर घाव घातले, धारेला दोन खाचा पडल्या, पण मोडले नाही. प्रयोग झाल्यावर एका प्रेक्षकाने मला हातात घेऊन विचारलं, "किती जुनी आहे हो?"

"जुनी कुठली? नवी आहे," लेक म्हणाली. "इथल्याच एका ओतारी बाईंनी केलीय, ठशावरून शोधून काढलं मी. ही बघा त्यांची चिमणी."

"छानच केलीय की," तो म्हणाला.

माझ्या आयुष्यातली खरी स्तुती एवढीच. ती ऐकायला बाई तिथे नव्हत्या.

मित्रांनो, जुन्या वस्तूला हौसेने घासूनपुसून लखलखीत करू नका. तिच्या अंगावरचं पुट म्हणजे मळ नव्हे, तिचं वय आहे. आणि नव्या वस्तूला उगाच म्हातारी करू नका, तिलाही तिचं नाव असतं. वस्तूला विचारता येत नाही हे खरं. पण हात लावण्याआधी थोडं थांबता तर येतं?

थोरलीच्या मुठीवर, दोन कड्यांच्या सांदीत, एक हिरवा ठिपका उरला आहे. तरुणपणी डॉक्टरांचं हत्यार तेवढ्या सांदीत पोचलं नव्हतं. मी डब्यातून रोज बघते. डॉक्टर कपाट उघडतात, वाकून तो ठिपका पाहतात. जुन्या सवयीने बोट त्याच्याकडे जातं. मग ते हात मागे घेतात आणि खिशात घालून उभे राहतात.