फाटक्या चादरीचा धडा

बाईंनी इंग्रजीचा बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम बसवला, त्यात नाव ठेवायला जागा नव्हती, असं निदान त्यांचं मत. पहिले दोन आठवडे स्वतःची ओळख, मग फळं, मग प्राणी. तीस वर्षं शाळेत शिकवून हा क्रम अंगवळणी पडलेला. पण इथे शिकायला येत होते इस्पितळाच्या धुलाईघरातले कामगार, देशोदेशीचे, लेकुरवाळे. पहिल्या दिवशी अठरा आले, तिसऱ्या आठवड्यात पाच. वर्ग ज्या वाचनालयात भरे, तिथल्या ग्रंथपालांनी गोड आवाजात सांगितलं, शुक्रवारी दहा डोकी दिसली नाहीत तर खोली शिवणवर्गाला जाईल.

पाचांतली एक बाईंची नणंदच. तीही धुलाईघरात कामाला, आणि भिडेपोटी येणारी.

"वहिनी, तुमचा हत्ती मला पाठ झाला," ती म्हणाली, "पण इतक्या वर्षांत धुलाईघरात एकदाही आला नाही हो."

बाईंना ते झोंबलं. मंगळवारी त्या वही घेऊन धुलाईघरात इस्त्रीच्या यंत्राशेजारी स्टुलावर बसल्या. कोणाला इंग्रजीची गरज पडली की एक रेघ. सुट्टी होईपर्यंत एकेचाळीस रेघा झाल्या. ओळखीच्या रकान्यात भोपळा, कारण नावं सगळ्यांच्या छातीवर टाचलेली. फळं, प्राणी, तिथेही भोपळा. एकोणतीस वेळा मात्र एकच प्रसंग: मुकादम फाटकी चादर नाचवत इंग्रजीत ओरडणार आणि समोरचा, फाडली नसली तरी, मान खाली घालणार. नणंदेने चारदा घातली. घरात एका शब्दाला सात परत करणारी ही!

त्या संध्याकाळी दोघी जेवणाच्या टेबलावर अभ्यासक्रम घेऊन बसल्या. हत्तीवर काट मारताना बाईंचा हात जरा अडखळला. आधी काय हवं, असं त्यांनी विचारलं, तर नणंदेकडे उत्तर तयार होतं. आधी नाही म्हणायला शिकवा, मग पुरावा मागायला. आभारप्रदर्शन बाराव्या आठवड्यात, वेळ उरला तर.

बुधवारी पाच जणांनी तासभर एक फाटकी चादर घेऊन एकमेकांशी भांडण केलं. हसून हसून पुरेवाट झाली.

गुरुवारी नणंदेने मुकादमाला शांतपणे इंग्रजीत सांगितलं, की ही फाटकीच आली होती, आवक वही बघू या. मुकादम तोंड उघडून उभा राहिला. त्याचीही मायबोली इंग्रजी नव्हती, आणि ओरडायची पाच-सहा वाक्यं सोडली तर त्याची झोळी रिकामीच होती. ही बातमी दुपारच्या आत सगळ्या यंत्रांपाशी पोचली.

शुक्रवारी बाईंनी मोजले: नऊ. पुन्हा मोजले, तरी नऊच. ग्रंथपाल दारात घड्याळ बघत उभे. तेवढ्यात त्यांना बाजूला सारून मुकादम आत आला, टोपी हातात.

"मला उत्तर द्यायला शिकवा," तो तुटक्या इंग्रजीत म्हणाला.

नणंदेने बाकावर सरकून जागा केली. "बसा," ती इंग्रजीतच म्हणाली, "इथे ओरडायचं नाही."

ग्रंथपाल हसत निघून गेले. बाईंनी वही उघडली आणि दुसऱ्या आठवड्यासमोर लिहिलं: माफी मागणे.